हात मागं बांधून

मॅडम यंत्रासमोर उभ्या राहिल्या की आधी दोन्ही हात पाठीमागं बांधत. शाळा तपासायला आलेल्या साहेबासारख्या. शहरातल्या एका हॉस्पिटलात त्या नेटवर्कच्या प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली. त्यांचा तो रुबाब बघून आम्ही सगळे तोंड दाबून हसायचो.

धसका त्यांना केबलचा नव्हता, केबल नीटनेटकी करणाऱ्यांचा होता. एकदा रिसेप्शनवरच्या शेखभाईंनी लोंबकळती केबल बघितली आणि भिंतीवरच्या मोकळ्या सॉकेटात खोचून दिली. झालं! दोन्ही टोकं एकाच नेटवर्कात. कॉम्प्युटरांचे तेच ते निरोप गोल गोल फिरत राहिले आणि ओपीडीपासून औषधांच्या खिडकीपर्यंत सगळं ठप्प. भाई बिचारे म्हणतात, "बुरा दिख रा था मॅडम, तो लगा दिया." तेव्हापासून कुणी केबलला हात लावला की मॅडम ओरडत, "आधी दुसरं टोक कुठंय ते दाखवा!"

मग जुन्या-नव्या इमारतींची नेटवर्कं जोडणाऱ्या यंत्रांवर, म्हणजे ब्रिजवर, त्यांनी स्पॅनिंग ट्री नावाची सोय लावायचं ठरवलं. म्हणजे वाटा दोन, पण उघडी एकच. ती तुटली तरच दुसरी उघडायची. सेटिंग्ज मला करायला लावल्या. "कर्ता ब्रिज कोण, ते आपण सांगायचं. नाय सांगितलं तर कोपऱ्यातलं म्हातारं डबडं बी कर्तं होऊन बसतंय." मी नव्या ब्रिजला सगळ्यात लहान आकडा दिला; ज्याचा आकडा लहान, कर्तेपणाचा मान त्याचा. रविवारी केबल काढून चाचणी घ्यायची होती. शनिवारी मॅडमच्या छातीत कळ आली आणि त्या आमच्याच आयसीयूत भरती झाल्या. चाचणी राहिली.

सोमवारी आवारात खोदताना जेसीबीनं मुख्य केबल तोडली. आयसीयूतल्या सगळ्या पेशंटचे ठोके सिस्टरांच्या टेबलावरच्या स्क्रीनवर दिसतात, तो स्क्रीन काळा पडला. खाटेजवळची यंत्रं चालू होती, पण सिस्टर बिचारी किती खाटांकडं धावणार? मी ब्रिजकडं पळाले. दुसऱ्या वाटेचा दिवा नारंगी होता. म्हणजे निरोप पुन्हा गोल फिरणार नाहीत ना, अशी वाट उघडण्याआधी ब्रिजची चौकशी चाललेली. अर्ध्या मिनिटाचं काम, पण ते सरेना. फोनवर सिस्टर ओरडत होती, "अगं, काहीतरी कर ना!" हात नुसते शिवशिवत होते. केबल काढून परत लावू? लावली तर चौकशी पुन्हा पहिल्यापासून. आणि माझी सेटिंगच चुकली असेल तर? देवा रे, तिकडं मॅडम आहेत! मी दोन्ही हात मागं नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

दिवा हिरवा झाला. "आलं गं! मॅडमची रेघ पण आली," सिस्टर म्हणाली. मी तिथंच फरशीवर बसून रडले.

मॅडम वॉर्डात आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "केबल ओढली नाय ना?"

"नाही. तुमच्यासारखे हात मागं बांधले होते."

"भ्या वाटलं?"

"लई."

"मला बी दरवेळी वाटायचं, पोरी. हात थरथरायचे, म्हणून तर मागं बांधायची. तुम्ही हसता ते माहीत होतं मला. थरथर दिसली असती तर तुम्ही बी घाबरला असता."

इतकी वर्षं आम्ही त्याला रुबाब म्हणत होतो.

मॅडम पुन्हा कामावर आल्या नाहीत. सिल्लोडला भावाकडं असतात. ब्रिजसमोर आता मी उभी राहते, आणि नवीन लागलेली मंडळी माझ्या पाठीमागं हसतात. हसू देत.