कापलेलं गवत

आमच्या धावपट्टीवर विमानं कमी आणि पाखरं जास्त. ती हाकलायचं काम माझ्या दाजींचं. हातात पत्र्याचा डबा नि काठी, पण तोंड असं की डब्याची गरजच पडू नये. लोक त्यांना 'भोंगा' म्हणत. मी त्यांचा मेहुणा, तिथेच रेडिओ सांभाळतो. म्हणजे मला घरीही भोंगा आणि कामावरही भोंगा.

त्यांचा एक नियम होता: विमान यायच्या दिवशी पट्टीच्या कडेचं गवत कापायचं नाही. गवत कापलं की किडे उघडे पडतात आणि बगळे बोलावल्यासारखे उतरतात. एका माळ्याने हा नियम मोडला, तर दाजींनी त्याला कामावरून काढायला लावलं. माझ्या भाचीला, म्हणजे स्वतःच्या लेकीला, तिचे दुधाचे दात पडायच्या आधीपासून ते हेच ऐकवत आले.

ती पोर वैमानिक झाली. औषधांचे खोके घेऊन आमच्या पट्टीवर पहिल्यांदाच एकटी उतरणार होती. दाजींचे पाय जमिनीवर नव्हते. मी म्हटलंही, "दाजी, विमान ती चालवतेय, उडताय मात्र तुम्ही."

त्या सकाळी मी रेडिओपाशी बसतोय तोच तिचा आवाज आला. "मामा, पट्टी दिसतेय. काय सुंदर दिसतेय हो!"

मी खिडकीतून पाहिलं. पट्टीच्या दोन्ही कडा दाढी केल्यासारख्या गुळगुळीत, आणि त्यांवर बगळेच बगळे. दाजी डबा बडवत धावत होते. बगळे इथून उठत, तिथे बसत.

"वर जा! उतरू नकोस!" मी ओरडलो. तिने विमान वर खेचलं, त्याच आवाजाने सगळा थवा उठला. धडक मला बंद खिडकीतून ऐकू आली.

विमान घसरत शेजारच्या शेतात गेलं. मी पोचलो तेव्हा ती स्वतःच बाहेर पडत होती. अर्धा चेहरा रक्ताने माखलेला, काच डाव्या डोळ्यात. समोर दाजी.

"गवत कोणी कापलं?" ती किंचाळली. "बाबा, सोडू नका त्याला!"

मीही मनात त्या नव्या माळ्याला शिव्यांची लाखोली वाहत होतो. मग दाजींचे हात दिसले. कोपरापर्यंत हिरवे. मला खरंच वाटेना.

"मीच," दाजी म्हणाले. "तू पहिल्यांदा येणार, पट्टी नीटनेटकी दिसावी म्हणून... वाटलं, बगळे काय, मी हाकलीन."

तिने उघड्या डोळ्याने बापाकडे पाहिलं. "तुम्ही?"

डोळा गेला, विमान चालवणंही सुटलं. ती बापाशी बोलते, हसतेसुद्धा. मी मुद्दाम त्यांच्या खोड्या काढतो, एकदा तरी माझ्यावर ओरडावं म्हणून. पण दाजी त्या दिवसापासून बोललेलेच नाहीत.