शेपटीवरची साखर

काकू तिथे कुणाचीच काकू नव्हती. प्रयोगशाळेतली बाकीची पोरं पंचविशीच्या आतबाहेरची, आणि ही दोन मुलांना शाळेत धाडून पीएचडीला आलेली, म्हणून पोरांनी तिला काकू करून टाकलं. तिने ते बिनतक्रार मान्य केलं. आयुष्यात बिनतक्रार मान्य केलेली ही तिची बहुधा एकुलती एक गोष्ट.

लग्न ठरतानाच तिने सांगितलं होतं, शिकणं सोडणार नाही. सासऱ्यांच्या नाकाला तेव्हाच मिरच्या झोंबल्या. पुढे मुलं झाली, नवऱ्याने शिवणकामाचं दुकान टाकलं, तिचं शिकणं थांबत थांबत पुन्हा सुरू होत राहिलं. सासरे रोज सकाळी विचारायचे, "निघाली का स्वारी, जंतूंना शिकवायला?"

"तुम्ही काही शिकायला तयार नाही बाबा, मग काय करणार!" ती चपला घालता घालता म्हणायची.

तिचा जंतू म्हणजे एक साधा जिवाणू. त्याला प्रथिनाच्या, धाग्यासारख्या शेपट्या असतात. त्या गरगर फिरवून तो पोहतो. गंमत अशी, की शेपटी घडवताना तो त्या प्रथिनावर जागोजागी साखरेचे कण चिकटवतो. कशाला? या एका प्रश्नावर तिच्या सरांचं नाव झालं होतं. जिवाणूची साखर चिकटवण्याची सोयच काढून टाकली, तर तो जागचा हलत नाही, असं त्यांनी दाखवलं होतं. साखर नाही तर पोहणं नाही. काकूने तेच काम थोडं पुढे न्यायचं, प्रबंध लिहायचा, सरांची सही घ्यायची आणि नावामागे डॉक्टर लावायचं, इतका सरळ बेत होता.

आडवं आलं एक बिघडलेलं यंत्र. नळीच्या तळाशी बसलेले जिवाणू पाण्यात पुन्हा मिसळायचे, तर नळी एका थरथरत्या यंत्रावर धरतात. क्षणात काम होतं. ते यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. काकूने नळी हातानेच हळूहळू कलती केली, झोपलेल्या पोराला कुशीवर वळवावं तशी, आणि थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बिनसाखरेचे जिवाणू सैरावैरा पळत होते.

"भेसळ झाली असेल," सर म्हणाले. तिने नव्याने वाढवले, तेही पळाले. "नळ्यांची अदलाबदल झाली असेल." तिने सरांच्याच फ्रीझरमधला मूळ नमुना काढला, तोही पळाला. यंत्र परत आल्यावर तिने तेच जिवाणू त्यावर धरून पाहिले, आणि सगळे गार पडले. साखरवाले मात्र तेवढा मार खाऊनही पोहत होते. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साखर पोहायला लागतच नाही, ती शेपटीला चिवट करते. बिनसाखरेची शेपटी फिरते झकास, पण हिसका बसला की तुटते. म्हणजे इतकी वर्षं ही मंडळी आधी शेपट्या तोडत होती आणि मग विचारत होती, बाबा रे, तू पळत का नाहीस?

कुणीही शहाणा माणूस हे ऐकून खूश झाला असता. सरांनी तिला खोलीत बोलावलं.

"असं लिहा," ते म्हणाले, "साखरेशिवाय जिवाणू जवळजवळ हलत नाहीत."

"जवळजवळ म्हणजे किती, सर?"

"वाद नको."

"वाद कुठे घालते? तुम्ही बघा ना."

तिने दोन्ही थेंब त्यांच्यासमोर ठेवले, हाताने मिसळलेला आणि यंत्रावरचा. सर वाकून बराच वेळ बघत राहिले. त्यांना दिसलं, हे तिलाही दिसलं. ते सरळ झाले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पद्धत यंत्राचीच धरायची. माझं वाक्य प्रबंधात जाईल, नाहीतर सही नाही."

खोलीबाहेर पोरं मूग गिळून उभी होती. त्यांचंही बरोबर होतं, त्यांनाही सह्या हव्या होत्या. काकूला मात्र मेलं हे जमेना.

"मग सही राहू द्या," ती म्हणाली. "पळणाऱ्याला लंगडा म्हणून मला डॉक्टर व्हायचं नाही."

जिन्यात तिला रडू फुटलं. दुःखाचं कमी, संतापाचंच जास्त. तोंड धुऊन ती तडक दुकानात गेली. नवरा गिऱ्हाइकाची मापं घेत होता. कोपऱ्यात सासरे शर्टाला बटणं लावत बसले होते.

"झाली का सही?" त्यांनी विचारलं.

"नाही. होणारही नाही." तिने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. नवऱ्याच्या हातातली टेप तशीच लोंबत राहिली.

सासऱ्यांनी दोरा दाताने तोडला. "म्हणजे इतक्या वर्षांवर पाणी?"

"पाणी."

"आणि ते पळत होते? डोळ्यांनी बघितलंस?"

"बघितलं. त्यांनीही बघितलं."

"मग आता?"

"दुसरं कुणी घेतंय का बघीन. पहिल्यापासून करीन सगळं."

सासऱ्यांनी शर्ट बाजूला ठेवला. "इतक्या वर्षांत माझं एक ऐकलं नाहीस," ते म्हणाले. "त्या तुझ्या सरांचं ऐकून आली असतीस ना, तर घरात घेतलं नसतं तुला."