सिलेक्ट सरांचं रंगांचं टेबल

आमचे सिलेक्ट सर कॉम्प्युटर शिकवायचे ते डोळे मिटायला लावून. कीबोर्डला हात लावण्याआधी हुकूम सुटायचा, "डोये मिटा. टेबल दिसून राह्यला काय?" आर्वीत एका कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत त्यांचा क्लास होता. खालून खताचा वास यायचा, स्टँडवरून एसटीची घोषणा ऐकू यायची, आणि त्या गुंगीत खरंच डोळ्यांपुढे आडव्या-उभ्या रेघांचे वाफे पडायचे. निम्म्या मुली त्या वेळात झोपून घ्यायच्या, हेही सांगून टाकते.

ही सवय त्यांना का लागली, ते आम्हाला ठाऊक होतं. सरांची नजर जात चालली होती. कडेकडेनं अंधार येईल, मग मधलंही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सर मात्र उद्या गाडी उशिरा येणार म्हणावं तितक्या शांतपणे म्हणायचे, "दिसते तंवर पाहू. मंग पाह्यलेलं पाहू."

डेटाबेसच्या पुस्तकांत कर्मचारी आणि त्यांचे पगार असतात. सरांना त्याचा कंटाळा. "आपल्याले कोन पगार देऊन राह्यलं?" म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्याकडून क्रिएट टेबल लिहून घेतलं. टेबलाचं नाव 'पाहिलेलं'. त्यात गाव, वस्तू आणि रंग. येताना एसटीच्या खिडकीतून जे दिसेल ते रोज इन्सर्ट करायचं. मी नाचणगावची, त्यामुळे माझ्या वाट्याला रस्ता लांबलचक आला. तुरीच्या फुलाचा पिवळा, नांगरलेल्या रानाचा काळा, वेचणीला आलेला कापूस. नुसतं 'पांढरा' लिहिलं की सर अडवायचे. "कोनता पांढरा? सकायचा का दुपारचा?" पांढरा तो पांढरा, असं मी पुटपुटायचे. दुसऱ्या दिवशी मात्र मान वळवून पाहायचे.

क्लास सुटता सुटता सर भिंतीला डोकं टेकून बसायचे. "सिलेक्ट कर, व्हेअर रंग पिवया." एकीनं चालवायचं आणि येतील त्या ओळी मोठ्यानं वाचायच्या. ते डोळे मिटून ऐकायचे. 'सिलेक्ट सर' हे नाव पडलं ते यावरूनच. पुढच्या दिवसांची बेगमी चालली होती ती.

जानेवारीत डिलीट शिकवायची वेळ आली. "व्हेअर आधी बोला, मंग हात चालवा," हे त्यांचं रोजचं पालुपद. पडद्याला नाक लावून सरांनी दोन ओळी लिहिल्या, वर डिलीट, खाली नेमकं काय पुसायचं ते सांगणारं व्हेअर. चालवायला निवडली गेली फक्त वरची. ती निळी पट्टी आम्हाला दिसली, त्यांना नाही. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी कमांड चालवली.

"सर," शेजारची रजनी हळूच म्हणाली, "पुरा टेबल खाली झाला."

बॅकअप हा पुढच्या महिन्याचा धडा होता.

सर चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले. उद्यासाठी जपलेलं सगळं त्यांच्याच हातून गेलं होतं. मग ते म्हणाले, "मिटा डोये. ज्याले जे दिसते ते सांगा." एकेक ओळ परत येऊ लागली. रजनीला माझ्या आठवल्या, मला तिच्या. सगळ्यांत जास्त निघाल्या त्या सरांकडून. "नाचणगाव, कापूस, दुपारचा पांढरा," ते म्हणाले. मी स्वतः ते विसरले होते. त्या दिवसापासून कीबोर्ड रजनीकडे गेला आणि सर तोंडी शिकवू लागले.

आता मी नागपूरला डेटाबेसचंच काम करते. डिलीटच्या आधी 'व्हेअर' पुटपुटते, ऑफिसात हसतात. परवा आर्वीला गेले होते. क्लास बंद झालाय, नजरही पुरती गेलीय, सर ओसरीत बसून असतात. मी "सर" म्हणताच म्हणाले, "नाचणगाव. काय दिसलं आज?"

वाटभर मोबाइलमध्ये डोकं घालून आले होते. तसं सांगितलं.

"मंग जाताना पाहजो," ते हसले. "अन् फोन करजो."

परतताना खिडकी धरली. गावाबाहेर पळस दिसला, तसा फोन लावला. "सर, पळस. संध्याकाळचा लाल, चुलीत विझत आलेल्या निखाऱ्याचा."

गाडीच्या खडखडाटात मी फोन कानाशी घट्ट धरला.

"सर, ऐकून राह्यले ना?"

"थांब," ते म्हणाले, "डोये मिटू दे."