सासऱ्यांची कवळी
परवा शहापूरहून पुढच्या दातांची नवी कवळी बसवून आलो आणि मोठ्या शहाणपणाने पहिल्याच दिवशी चकली चावली. कवळी चकलीसकट हातात आली. तिचा तो कोरा, औषधी वास नाकात गेला आणि सासरे आठवले. मुंबईच्या हॉटेलांत त्यांनी उभा जन्म सॅक्सोफोनवर जॅझ वाजवला. कुटुंब मुरबाडला, सॅक्सोफोन मुंबईला. त्यामुळे लेकीने त्यांचं वाजवणं कधी ऐकलंच नव्हतं. ‘तुझ्या लग्नात वाजवीन गो,’ एवढा शब्द मात्र त्यांनी तिला दिला होता. त्यांचे दात केव्हाच गेलेले, म्हणून लग्नाच्या तोंडावर फोटोसाठी सासूबाईंनी त्यांना घाईने कवळी बसवून आणली. झेंडू आणि तळणीच्या वासाने भरलेल्या मांडवात ते काळा कोट घालून उभे राहिले, सॅक्सोफोन ओठांना लावला, फुंकला, आणि कवळी सरकून नुसती शिट्टी निघाली. ‘म्हाताऱ्याने गाडी सोडली रे!’ कुणीतरी ओरडलं. मांडव हसला, मुंडावळ्या सावरत नवरदेवही, म्हणजे मीही. ते शांतपणे म्हणाले, ‘थांबा, हिरड्यांवर वाजवतो, तशी सवय हाय मला,’ आणि कवळी काढायला बोटं तोंडाकडे नेली. सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, ‘व्याह्यांसमोर? नाय हां, सांगून ठेवते.’ सासऱ्यांनी हात खाली घेतला, सॅक्सोफोन पेटीत ठेवला आणि बँजोवाल्यांना खूण केली. ती पेटी त्यांनी पुन्हा उघडली नाही. परवा मी कवळी धुऊन परत तोंडात बसवायला लागलो, तर चकल्यांच्या डब्याचं झाकण लावत बायको म्हणाली, ‘राहू द्या की काढलेली. इथं कुठं व्याही बसलेत?’