आधीच लिहून ठेवलेलं वाक्य

मधू गेल्याचा फोन वहिनींनी माझ्या ऑफिसात केला. "भाऊजी, हे सकाळी गेले," एवढंच म्हणाल्या. किडनीचं दुखणं जुनं होतं, त्यामुळे धक्का वगैरे बसला असं म्हणणार नाही. पण फोन ठेवल्यावर शेजारच्या उपसंपादकाने "किती ओळी घ्यायच्या, सर?" असं विचारलं आणि मी त्याच्यावर उगाच खेकसलो. शेवटी चार ओळी घेतल्या. जन्मभर दुसऱ्यांना चार-चार कॉलमांत बसवणारा माणूस… आज महिना झाला. त्या चार ओळींत जे मावलं नाही ते लिहायला बसलोय, आणि ते काही गोड नाही.

मधू अंबडच्या एका कारखान्यात जनसंपर्क अधिकारी होता. नव्वदच्या दशकात नाशकात या पदाचा अर्थ कुणाला धड कळत नसे. आम्ही पत्रकार त्याला 'हारतुरे खातं' म्हणायचो. तो हसायचा. म्हणायचा, "बातमी छापून आणणं हे हमाली काम आहे रे. वाईट दिवशी लोकांनी आपल्याबद्दल काय बोलावं, ते चांगल्या दिवसांत ठरवून ठेवायचं असतं." तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतला तो नव्हताच. कारखाना वाढवायचा बेत कागदावर यायच्या आधी हा शेजारच्या गावात पारावर बसून चहा पिऊन आलेला असे. कुठल्या पेपरची पानं किती वाजता लागतात, कुठल्या वार्ताहराची आई आजारी आहे, सगळं त्याला ठाऊक. आणि कुणाचाही दहावा असो, कामगाराच्या वडिलांचा किंवा तलाठ्याच्या सासूचा, सकाळी रामकुंडावर ओल्या पायरीवर मधू उभा. "लग्नाला न आलेला माणूस लोक विसरतात. दहाव्याला आलेला विसरत नाहीत," असं तो मला सांगे. ही नुसती युक्ती होती असंही नाही. तिथे त्याचे डोळे खरोखर भरून यायचे, आणि तीच त्याची पंचाईत होती.

त्याच्याकडे एक फाईल होती. संप, आग, ओढ्यात सोडलेलं पाणी, कामगाराचा मृत्यू… प्रत्येक संकटाचं निवेदन आधीच टाईप करून ठेवलेलं. नाव आणि वेळ यांच्या जागा तेवढ्या रिकाम्या. मला ती त्याने मोठ्या कौतुकाने दाखवली. "घाईत माणूस खरं बोलून बसतो, म्हणून हे," असं तो म्हणाला आणि मी मनापासून हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

दोनेक वर्षांनी भास्कर गेला. कारखान्यातला कामगार, कळवणकडचा, तिशीतला. रबर दाबायच्या रोलरमध्ये हात ओढला गेला आणि मागोमाग तो. तासाभरात निवेदन माझ्या टेबलावर होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात छापून आलं, "सदर कामगाराने सुरक्षेचे नियम पाळले नव्हते." चौकशी व्हायची होती, पंचनाम्याची शाई वाळली नव्हती. ते वाक्य फाईलमधलं होतं. मधूने ते लिहिलं तेव्हा भास्कर जिवंत होता, कदाचित त्याच कॅन्टीनमध्ये चहा पीत होता.

दहाव्याला मधू नेहमीसारखा गेला. मलाही घेऊन गेला. कंपनीचे मॅनेजरही आले होते. पिंड मांडला, समोरच्या भिंतीवर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. "पोरांना सांभाळू," "आईला बघू," नातेवाईक एकेक करून हात जोडत होते. तासभर काही नाही. मग भास्करचा थोरला भाऊ पोपट सरळ मधूपुढे येऊन उभा राहिला.

"सायेब, तुम्ही बोला. त्याची चूक नव्हती म्हना. मशिनीची जाळी कंपनीनंच काढली व्हती, समद्यांना ठावं हाय. तेवढं ऐकायलाच थांबलाय तो."

मधूने मॅनेजरांकडे पाहिलं. मग हात जोडून म्हणाला, "भास्कर, कंपनी तुझ्या कुटुंबाच्या पाठीशी आहे."

"ह्ये नाय इचारलं, सायेब," पोपट म्हणाला.

कावळा आला नाहीच. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि सगळे उठले. त्यानंतर मधू कुणाच्याही दहाव्याला गेला नाही.

भास्करच्या बायकोने, सुनंदाबाईंनी, कारखान्यात नोकरी मागितली. मॅनेजरांनी आमच्याच पेपरचं कात्रण पुढे केलं. चूक त्याचीच, पेपरातच आलंय म्हणाले. त्याच आठवड्यात मधू माझ्याकडे आला. साध्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलेला खुलासा, खाली सही. "छाप," म्हणाला.

"कंपनीच्या लेटरहेडवर आण, मग बघू."

"ते देतील का? म्हणून तर सही केलीय. नोकरी गेली तर जाऊ दे."

मी नियमावर बोट ठेवलं. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. कंपनीच्या वर्धापनदिनाची जाहिरात-पुरवणी आमच्याकडेच छापायची होती. कागद माझ्या टेबलावर ठेवून तो निघून गेला. पुढे कित्येक वर्षं आम्ही भेटलो, पण हा विषय दोघांनीही काढला नाही. सुनंदाबाई मुलांना घेऊन कळवणला परतल्या.

तो कागद माझ्या खणात आहे. लेटरहेड आजही नाही. आज छापतो :

"भास्कर यांचा मृत्यू त्यांच्या चुकीमुळे झाला नाही. रोलरपुढची जाळी काम लवकर उरकावे म्हणून आठ दिवस आधी काढली होती. ती काढू नका असे त्यांनी दोनदा सांगितले होते. आधीचे निवेदन मी लिहिले होते. ते खोटे होते."

यात एक गोष्ट मधूने लिहिलेली नाही. त्याच्या निवेदनात त्या वाक्याच्या सुरुवातीला 'प्राथमिक माहितीनुसार' असे दोन शब्द होते. त्यांच्यामुळे एक ओळ वाढत होती आणि मजकूर कॉलमात मावत नव्हता, म्हणून ते मी काढले. ते गाळलेले त्याने दुसऱ्या दिवशी सकाळीच पेपरात पाहिले असणार… मला मात्र कधी बोलून दाखवलं नाही.