बिनसाखरेची नानकटाई

फोन आला तेव्हा मी अमरावतीला ऑफिसात होते. मावशीच्या घरासमोरच्या पुष्पाकाकू बोलत होत्या, पण हुंदक्यांमुळे त्या काय म्हणताहेत ते आधी कळेचना. "येजो माय लवकर... बाई गेल्या," एवढंच शेवटी नीट ऐकू आलं. सकाळी मावशीच्या फाटकाशी लेआउटमधली सगळी कुत्री जमून ओरडत होती, आणि बाईंचं दार उघडत नव्हतं, म्हणून काकूच मागच्या बाजूनं आत गेल्या. मावशी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलेली होती. डॉक्टर म्हणाले, झोपेतून उठून पाणी प्यायला आली असेल आणि तिथंच हृदय बंद पडलं असेल. मी वर्ध्याला पोचेपर्यंत काकूंनीच तिला पांढरं पातळ नेसवून, उशाशी मेणबत्ती लावून ठेवली होती. माझ्या गळ्यात पडून त्या इतक्या रडल्या की मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं. हे सगळं मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणाला वाटायला नको की पुष्पाकाकू वाईट बाई आहेत.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरापुढे मांडव घातला होता. लेआउटमधली मंडळी आली, खुर्च्यांवर बसली, दोघातिघांनी भाषणंही केली. शकुंतलाबाई थोर प्राणीमित्र होत्या, मुक्या जिवांवर त्यांचं आईसारखं प्रेम होतं, स्वतःच्या हातानं भट्टी लावून कुत्र्यांसाठी पौष्टिक बिस्किटं करणारी अशी बाई जिल्ह्यात दुसरी नाही... मी मान खाली घालून ऐकत होते आणि माझी कानशिलं तापत होती. कारण मावशीला कुत्र्यांचं प्रेम वगैरे काही नव्हतं. वडनेरला लहानपणी एका कुत्र्यानं पोटरीचा लचका तोडला होता, तेव्हापासून ती कुत्रं दिसलं की रस्ता बदलायची. अशी बाई कुत्र्यांसाठी ओव्हन तापवायला का लागली, हे त्या मांडवात मला एकटीलाच ठाऊक होतं, आणि ऐकायची तयारी कोणाचीच नव्हती.

मावशी मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवायची. लग्न केलं नाही, धाकट्या भावंडांची शिक्षणं केली. नव्वदच्या सुरुवातीला तिनं वर्ध्याला लागून पिपरी मेघेच्या नव्या लेआउटमध्ये प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या, तेव्हा आजूबाजूला अजून कपाशीची पऱ्हाटी उभी असायची. मी कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला आले. घर छोटं, पण त्यात तिची एक चैन होती. काचेच्या झाकणाचा, ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन! तो लावला की घरातली ट्यूबलाइट फडफडायची. त्यात ती नानकटाई करायची आणि प्रत्येक नानकटाईच्या मधोमध अंगठ्यानं एक चारोळी दाबायची. शाळेत तिच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी वर्गाबाहेर मास्तर लोक रेंगाळायचे म्हणे. लेआउटमधल्या मुली त्याच शाळेत जायच्या आणि तिच्या हातचं बोटं चाटून खायच्या. पण ते शाळेत. तिथं ते शिक्षण होतं.

आम्ही बौद्ध. लेआउटमधली बाकीची घरं बहुतेक दुकानदारांची, काही नोकरदारांची. कोणी कधी वावगं बोललं नाही. उलट मावशीला मान होता, पोरांच्या ॲडमिशनपासून नवऱ्याच्या मधुमेहाच्या पथ्यापर्यंत सगळं तिला विचारलं जायचं. बुद्धपौर्णिमेला मावशी खीर करायची आणि स्टीलच्या डब्यात नानकटाई भरून घरोघरी पाठवायची. डबे वाटायला मीच जायचे. दुसऱ्या दिवशी डबे परत यायचे, राखेनं घासून लख्ख केलेले आणि रीतीप्रमाणे रिकामे नाहीत, तळाशी मूठभर साखर घातलेले. त्या साखरेचा आम्ही चहा करायचो. मावशी बशी तोंडाला लावत म्हणायची की शेजार चांगला मिळाला, नाहीतर आपल्या माणसाला गावाबाहेर घर बांधायचं म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो.

लेआउटमध्ये भुरी नावाची एक मोकाट कुत्री होती. एका उन्हाळ्यात तिचे केस झडायला लागले, अंगावर चट्टे पडले. ती नेमकी आमच्याच फाटकाशी बसून खाजवायची. मावशी तिला हाकलायची, पण तिचं ते रक्त निघेस्तोवर खाजवणंही तिला बघवेना. शाळेच्या वाटेवर गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर भेटले तेव्हा तिनं सहज विचारलं. ते म्हणाले, हिला कोणीतरी गोडधोड घालतंय, तूप-साखर कुत्र्याला सोसत नाही, ते आधी बंद करा. झालं! मावशीतली मास्तरीण जागी झाली. दर घरी जाऊन तिनं समजावलं की बाबांनो, कुत्र्याला गोड घालू नका, उरलंसुरलं असेल तर गाईला द्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. काहींनी जरा जास्तच घाईनं डोलावल्या, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला ऊन उतरल्यावर आम्ही दोघी पाय मोकळे करायला निघालो. काकूंच्या घरामागे एक रिकामा प्लॉट होता, बेशरमाची झुडपं माजलेला. तिथं भुरी आणि आणखी दोन कुत्री काहीतरी खात होती. मावशी नेहमीप्रमाणे लांबून जाऊ लागली आणि मध्येच थांबली. कागदावर खीर होती आणि नानकटाईचा ढीग. एका घरच्या नव्हत्या त्या, पाचसहा घरच्या तरी असाव्यात. सगळ्यांनी तीच जागा निवडली होती. जन्मभर कुत्र्यांना भ्यालेली माझी मावशी त्या कुत्र्यांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"चारोळीबी नाई काढून घेतली वं," ती म्हणाली. एवढंच.

मी तर पेटलेच होते. आत्ताच्या आत्ता काकूंचं दार वाजवते म्हणाले. मावशीनं माझा दंड धरला. मला विषमज्वर झाला तेव्हा दवाखान्यात माझ्या उशाशी कोण बसलं होतं, असं तिनं मला विचारलं. काकूच बसल्या होत्या, हे खरंच होतं. माझी उलटीसुद्धा त्यांनी साफ केली होती. मग मावशी जे बोलली ते मला शब्दन् शब्द आठवतं. "तिच्या घरचं मी खाते. माया हातचं ती काऊन नाई खात, हे तिनं मले सांगाव. मी काऊन विचारू? आन तूबी नाई विचारायचं."

 तिसऱ्या दिवशी तिनं ज्वारीचं पीठ परातीत घेतलं, कोहळं उकडून त्यात कुस्करलं, भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट घातला, एक अंडं फोडलं. तूप नाही, साखर नाही, मीठसुद्धा नाही. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, "कुत्र्यालेच जाणार असन, तर कुत्र्याले सोसन असं तरी करू." डॉक्टरांना पुन्हा जाऊन तिनं सगळं नीट विचारून घेतलं होतं. कांदा नको, मनुका नकोत, शेंगदाणे खारे नकोत. घट्ट कणीक मळून, लाटून, बोटाएवढ्या पट्ट्या कापून तिनं त्या मंद भाजल्या आणि ओव्हन बंद करून तशाच आत वाळू दिल्या. भुरीनं पहिली पट्टी हुंगून सोडून दिली. मावशी चिडून म्हणाली की हिलाही आता माझ्या हातचं नको काय! दुसऱ्या दिवशी कुत्रीनं मुकाट्यानं खाल्लं, पावसाळा संपेस्तोवर तिच्या अंगावर नवे केस आले, आणि मावशीचं नाव कुत्र्यावाल्या बाई पडलं.

पण मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं. वर्षभरानं पुन्हा बुद्धपौर्णिमा आली. मला वाटलं, यंदा डबे जाणार नाहीत. मावशीनं डबे काढले. तीच ज्वारी-कोहळ्याची कणीक, फक्त आकार नानकटाईचा, गोल, आणि मधोमध चारोळी. मी हसावं की रडावं... मुकाट्यानं सगळीकडे देऊन आले. दुसऱ्या दिवशी डबे परत आले, घासलेले, साखर घातलेले. पुष्पाकाकू स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "बाई, यंदा लय गोड झालती वो."

त्या गेल्यावर आम्ही दोघी पोट दुखेस्तोवर हसलो. मग मावशी डोळे पुसत म्हणाली, "एकानं जरी म्हटलं ना वंदू, का बाई, साखर विसरल्या काय... त्याच्या घरी तुपातली किलोभर करून पाठवीन मी." तेव्हा मला कळलं की हा सूड नव्हता. ती तक्रारीची वाट पाहत होती. कोणीतरी तोंड वाकडं करावं, थू म्हणावं, भांडायला यावं, एवढंच तिला हवं होतं. कारण तोंड वाकडं करायला आधी ते तोंडात घालावं लागतं.

माझं लग्न होऊन मी अमरावतीला गेले. दर बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी फोन करायची आणि एकच विचारायची, कोणी काही म्हटलं? मग ती एकेकाची नक्कल करायची. कोणी म्हणे खुसखुशीत, कोणी म्हणे तूप सढळ हातानं घातलं. एका गृहस्थानं तर मधुमेह असून दोन खाल्ल्याचं सांगितलं होतं. आम्ही हसायचो. नंतर नंतर ती नक्कल न करता नुसतं "गोड झालती म्हणे" एवढंच सांगू लागली, आणि एका वर्षी मी हसले तेव्हा पलीकडून हसू आलं नाही. मी म्हटलं, मावशी, बंद कर हे आता. ती म्हणाली, यंदा तीन घरी नव्या सुना आल्यात, शिकलेल्या आहेत, पाहू.

रोजची बिस्किटं मात्र वाढतच गेली. भारनियमनात वीज कधी येईल त्याप्रमाणे ती ओव्हन लावायची. काकूंच्या मुलानं पांढरा पामेरियन आणला, तर तो नेमका मावशीच्या हातून पट्टी खायला उड्या मारत यायचा आणि मग तसाच जाऊन काकूंच्या गादीवर झोपायचा. काकू कौतुकानं सांगायच्या की आमचं येडं फक्त बाईंच्याच हातचं खाते. मावशी मला एकदा म्हणाली, कुत्र्याचं एक बरं, नाही आवडलं तर तोंडावर सोडून जातं. हेच काय ते तिचं प्राणीप्रेम.

पुण्यानुमोदनाला भाषणं झाली आणि जेवणाच्या पंगतीची वेळ आली तेव्हा मांडव असा रिकामा झाला की बघत राहावं. कोणाचं दुकान उघडायचं राहिलं होतं, कोणाकडे पाहुणे येणार होते. आमची वडनेरची माणसं तेवढी जेवली. पुष्पाकाकू थांबल्या. त्यांनी खुर्च्या गोळा केल्या, आमच्या बायकांबरोबर बसून मोठाली पातेली घासली. मी ताट वाढून समोर धरलं तर म्हणाल्या, मंगळवार आहे माझा. मंगळवारच होता, हे मी मान्य करते. पण मी बुधवारी ताट धरलं असतं तर काय झालं असतं, तेही मला माहीत आहे.

मावशीच्या फडताळात तिनं शेवटच्या बुद्धपौर्णिमेनंतर केलेल्या गोल नानकटायांचा एक डबा होता. कोणासाठी करून ठेवल्या होत्या, कुणास ठाऊक. मी तो काकूंच्या हातात दिला. म्हटलं, मावशीच्या हातचं हे शेवटचं, एक तरी खा. काकूंनी डबा छातीशी धरला. त्यांच्या डोळ्यांतून खरंखुरं पाणी वाहत होतं. "खाईन माय, का नाई खाईन," असं म्हणत त्या गेल्या, आणि त्या क्षणी, खोटं कशाला बोलू, मला आशा वाटली. आता तरी त्या उद्या येतील आणि विचारतील, हे असं मिळमिळीत कसं? मावशी पंधरा-सोळा वर्षं जशी वाट पाहत बसायची तशी मी रात्र काढली.

सकाळी त्या आल्या. डबा लख्ख घासलेला, आत साखर. डोळे सुजलेले. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "लय गोड होत्या वो. तिच्या हाताची चवच येगळी."

 विचारायचं नाही असं मावशीनं मला बजावलं होतं आणि मी विचारलं नाही. पण सांगायचं नाही असं काही ती म्हणाली नव्हती. ही रविवारची पुरवणी काकूंच्या घरी येते. त्यांचं दिसणं कमी झालंय, धाकटी सून दुपारी मोठ्यानं वाचून दाखवते. म्हणून मी नावही बदललेलं नाही.

काकू, त्यात साखर नव्हती.