घोरण्याची अर्धी राहिलेली गोष्ट

माझ्या धाकट्या जावेला घरात सगळे ‘रेडिओ’ म्हणतात. सकाळी दात घासताना जी सुरू होते, ती उशीला डोकं टेकेपर्यंत. माझं डोकं उठतं.

ती दवाखान्यात नर्स आहे, बायकांच्या गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करते. तिथे मात्र ही बडबड कामाला येते. आत व्हिनेगरसारखं पातळ औषध लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. पांढरा डाग उठला तर पुढे तपासायचं. टेबलावरच्या बाईला ते मिनिट जाता जात नाही, म्हणून ही घड्याळाकडे बघत नवऱ्याच्या घोरण्याचं रडगाणं लावते.

चार वर्षं ती माझ्या मागे लागली होती. मी म्हणायचे, मला कुठे काय होतंय?

“काही होत नसतं तेव्हाच यायचं असतं, ताई.”

शेवटी तिचं तोंड बंद व्हावं म्हणून गेले.

टेबलावर पाय वर घेऊन पडले, लाजेनं अर्धी झाले. तिनं औषध लावलं आणि दिराचं घोरणं सुरू केलं. “परवा तर ताई, भिंतीपलीकडून शेजारी…” आणि थांबली. पंखा तेवढा घरघरत होता.

“बोल की गं पुढे,” मी म्हटलं.

तिनं दिवा जवळ ओढला. पांढरा डाग उठला होता. डाग म्हणजे कॅन्सरच असं नाही, हे ती रोज दहा जणींना समजावते. मला सांगायला तिचं तोंड उघडेना.

मग डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिलं आणि तिळाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. चिमटा बसला, बाकी काही नाही. रिपोर्टला दहा दिवस. घरात रेडिओ बंद. ती मुकाट्यानं भांडी घासायची, कामाला जायची. मी कपाटं आवरली, कुठली किल्ली कुठे ते मुलीला दाखवून ठेवलं. खरं सांगते, फार घाबरले होते.

अकराव्या दिवशी दुपारी जिन्यात तिचा आवाज आला. चपला वाटेत ठेवल्या म्हणून शेजारणीला झापत होती, थांबायचं नावच नाही. मी दाराशीच स्टुलावर बसले आणि रडले.

कॅन्सर नव्हता. पेशी बिघडायला लागल्या होत्या. तेवढा भाग गोठवून टाकायचा आणि वर्षानं पुन्हा तपासायचं.

“दार का उघडत नाही, ताई?” मी उठून कडी काढली, तसा तिनं रिपोर्ट पुढे केला.

मी डोळे पुसले.

“शेजाऱ्याचं अर्धंच राहिलं होतं,” मी म्हटलं. “ते आधी सांग.”